पानाबाहेर बघणारा माणूस

देवरुखकर सरांनी फोटो हातभर लांब धरला, एक डोळा मिटला आणि विचारलं, "हा गृहस्थ निघालाय कुठं?"

"कुठं नाही सर. बसलेत ते. सतार वाजवतायत."

"बसलाय, पण मन नाही त्याचं बसण्यात. कित्तुरे, मासिक कुठल्या बाजूनं उघडतं?"

"उजव्या."

"मग मुखपृष्ठावरच्या माणसानं कुठं बघायचं?"

"उजवीकडं."

"का?"

"वाचकाला आत न्यायला."

"आणि हा बघतोय डावीकडं. म्हणजे वाचकाला म्हणतोय, चला, आपण घरी जाऊ." त्यांनी फोटो माझ्या छातीवर टेकवला. "निगेटिव्ह उलटी घाल आणि वळव याला. परवा सकाळी नऊला परीक्षक बोर्डाच्या पाठीवर सही करणार, अकराला प्रदर्शन. सही झाली की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही."

मी मान हलवली. मागच्या वर्षी याच परीक्षेत मी नापास झालो होतो, त्यामुळे सर काहीही म्हणाले तरी मान हलवायची मला सवय लागली होती.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या मार्चमधली. मिरजेत आमचं उपयोजित कलेचं एक छोटं महाविद्यालय होतं. शेवटच्या वर्षाला दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एकेक नवं मासिक कल्पायला लावत. वाचक कोण, पानं किती, सदरं कुठली, जाहिराती कुठं, सगळं ठरवायचं आणि शेवटी मुखपृष्ठ आणि आतली आठ पानं मोठ्या बोर्डांवर चिकटवून मांडायची. विषय चिठ्ठ्या टाकून मिळत. मला मोटारसायकली हव्या होत्या. मिळालं संगीत. मला संगीतातलं एवढंच कळायचं की ते सुरू आहे की संपलं, आणि त्यातही चूक व्हायची. मैफलीत लोक वाद्यं जुळवत असतानाच मी एकदा टाळ्या वाजवल्या होत्या.

माझी जोडीदार होती वैजयंती मगदूम. ती आठ वर्षं सतार शिकत होती. संगीताची चिठ्ठी उघडल्यावर तिनं आधी चिठ्ठीकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कित्तुरे, तू फक्त रेघा मार. मजकुराला हात लावू नकोस."

मासिकाचं नाव तिनं 'जवारी' ठेवलं. सतारीच्या घोडीवर तार जिथं टेकते तिथं कारागीर ती अशी घासतो की सुराला एक झणझण येते, त्या झणझणीला जवारी म्हणतात. सरांनी नाव वाचून आम्हाला बाहेर काढलं. "शेतीचं मासिक चौगुलेच्या जोडीला दिलंय," ते म्हणाले. वैजयंतीनं दारातूनच त्यांना अर्धा तास जवारी समजावली. शेवटी सर म्हणाले, "ठेवा. आतला मजकूर तसाही कुणी वाचत नाही. मजकूर म्हणजे पानावरचा राखाडी रंग." बाकी सगळ्या जोड्यांनी रंग भरायला जुन्या वर्तमानपत्रांचे स्तंभ कापून चिकटवले. वैजयंतीनं आठ पानं स्वतः लिहिली, टाइप करून घेतली आणि तीनदा तपासली. मुखपृष्ठावर कोण, हेही तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

तिचे गुरू, विरूपाक्ष तेरदाळ. गल्ली त्यांना अण्णा म्हणे. वय अडुसष्ट.

अण्णा चाळीस वर्षं रेडिओवर वाजवत होते. भावगीताच्या मागं, बालसभेच्या मागं, शेतकऱ्यांसाठी हवामान सांगण्याच्या आधी दोन मिनिटं. पुढं म्हणून कधीच नाही. स्वतंत्र अर्धा तास त्यांना एकदाही मिळाला नव्हता. छापील जगातही त्यांचा मान असाच होता. एका महोत्सवाच्या स्मरणिकेत त्यांचा फोटो आला, पण खाली नाव एका व्हायोलिनवाल्याचं. दुसऱ्या वेळी एका मोठ्या गायिकेच्या मैफलीचा फोटो वर्तमानपत्रात आला, त्यात कोपऱ्यात अण्णांचा गुडघा होता.

"माझाच आहे," त्यांनी ते कात्रण मला दाखवत सांगितलं होतं. "धोतराची चुणी ओळखते की आमची मंडळी."

त्यावर वैजयंती म्हणाली होती, "अण्णा, या वेळी तुम्ही अख्खे येणार. नाव, गाव, सतार, सगळ्यासकट. एक चूक होणार नाही. माझा शब्द."

"शब्द कशाला देतीस बाळ," अण्णा म्हणाले. "फोटो दे म्हणजे झालं."

पण दिला तिनं. माझ्यासमोर दिला. पुढं जे झालं त्यात हा शब्द तिच्या मालकीचा होता आणि कॅमेरा माझ्या, एवढं लक्षात ठेवावं.

फोटो आम्ही दुपारी काढला. अण्णा वाद्यांच्या एका दुकानावरच्या माडीत राहायचे. खाली दस्तगीर चाचा सतारी आणि तंबोरे बनवत. माडीच्या सज्जात त्यासाठीचे भोपळे वाळत टांगलेले असत, लहान मोठे, रांगेनं, आणि वारा आला की एकमेकांना हलकेच टेकून पोकळ बोलत. मार्चमधली मिरजेची दुपार ही एक वेगळीच चीज आहे. सगळी गल्ली झोपते, फक्त कुठल्या तरी दुकानात कुणी तरी एकच तार पुन्हापुन्हा छेडत असतो, थोडी वर, थोडी खाली, जशी काही त्याला ती तार नव्हे, दुपारच सुरात आणायची आहे. खोलीत लाखेचा आणि लाकडाच्या भुश्शाचा वास होता. अण्णांच्या उजव्या हाताला खिडकी होती. ते वाजवायला लागले.

आणि मी झोपलो. कॅमेरा गळ्यात, डोळा त्याच्या काचेला लावलेला, आणि झोपलो. मला दिसत होतं की भोपळे सज्जातून सुटून गल्लीभर तरंगतायत आणि त्यांच्याखाली माणसं आपापल्या उशा घेऊन चालली आहेत. कुणालाच घाई नव्हती. मग सतार थांबली. मी दचकलो, बोट दाबलं गेलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. हात तारांवरच होते, पण वाजवणं सोडून ते भोपळ्यांकडं बघत होते.

"झोप लागली काय?" त्यांनी खिडकीवरची नजर न काढता विचारलं.

"नाही अण्णा."

"लागूदे की. चाळीस वर्षं हवामानाच्या आधी वाजवतोय. कोण जागं असतंय तवा?"

त्या दिवशी मी छत्तीस फोटो काढले. पस्तीस मी जागेपणी काढलेले होते आणि एकही कामाचा नव्हता. झोपेत काढलेला सरांनी बघितल्याबरोबर निवडला, फक्त माणूस वळवायला सांगितला.

वैजयंती नेमकी दोन दिवस जमखंडीला, मामेबहिणीच्या लग्नाला गेली होती. जाताना माझ्या वहीत तिनं अकरा सूचना लिहून ठेवल्या होत्या. नावातला ऱ्हस्व-दीर्घ बघ. चिकटवताना रबर सोल्यूशन जास्त लावू नकोस. फोटोच्या कडा सरळ काप. माणूस उलटा करू नकोस, असं तिनं लिहिलं नव्हतं. कोण लिहील?

काळोख्या खोलीत मी निगेटिव्ह पालथी घातली, कागद ठेवला, सहा सेकंद उजेड दिला आणि कागद रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला. लाल दिव्यात पांढरा कागद पाण्याखाली डुलत होता. आधी खिडकी आली. मग टोपीची कड. मग सतारीची लांब मान, मग बोटं, आणि सगळ्यात शेवटी चेहरा, जसा काही तो खोलवरून पोहत वर येत होता आणि त्याला अजून ठरवायचं होतं की यावं की नाही. मी ट्रे हळूहळू हलवत राहिलो. आता ते उजवीकडं बघत होते. सर म्हणाले होते ते खरं होतं. आधीच्या फोटोत एक थकलेला म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. या फोटोत कुणी तरी आत्ताच कुठून तरी आलेला दिसत होता. का, ते मला सांगता आलं नसतं. मी अर्धा तास तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी नऊला परीक्षकांनी सही केली. "चेहऱ्यात गती आहे," असंही म्हणाले. मी पास होतो.

दहाला वैजयंती बसस्टँडवरून थेट आली. हातात लग्नातला लाडवांचा डबा, हातावर मेंदी. ती बोर्डासमोर आली, हसली, आणि मग ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहून गेलं. त्या हसण्यामागं कुणी उरलं नव्हतं.

"कित्तुरे."

"सरांना आवडलंय."

"कित्तुरे, नखी कुठल्या हातात आहे?"

नखी म्हणजे तार छेडायला बोटात घालतात ती तारेची टोपी. मी बघितलं. "हातात आहे ना? मग झालं."

"डाव्या हातात आहे! सतार डावीकडं गेलीय सगळी. खुंट्या बघ, दांडीवरचे पडदे बघ. अरे, जगात कुणी अशी सतार वाजवत नाही. तू अण्णांना डावरं केलंस."

मला खरोखर वाटलं होतं की सतार गिटारीसारखी, कशीही धरता येते. हे मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हणजे आधी दुसऱ्याचं नाव, मग नुसता गुडघा आणि आता हे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "मी शब्द दिला होता. ते अकराला येणार आहेत. आठ दिवस आधी कोट धुवायला दिलाय त्यांनी."

आम्ही सरांकडं धावलो. सर हारांची वाट बघत होते.

"सही झालीय," ते म्हणाले.

"सर, पण सतार उलटी आहे."

"मगदूम, फोटो आहे तो, मुंज नव्हे. दिसतंय कसं ते बघा."

"सतारवाल्यांना दिसेल सर!"

"मिरजेत किती सतारवाले येणारेत प्रदर्शनाला?" सरांनी विचारलं आणि विचारल्यावर त्यांच्याही लक्षात आलं की हा प्रश्न मिरजेत विचारण्यासारखा नव्हता. पण सही झाली होती.

मी एक आरसा आणण्याची सूचना केली. बोर्डाच्या समोर आरसा ठेवायचा आणि अण्णांना आरशात बघायला सांगायचं, म्हणजे सतार सरळ दिसेल. वैजयंतीनं माझ्याकडं असं बघितलं की मी ती सूचना मागं घेतली. आजही मला ती वाईट वाटत नाही.

"ते काही बोलणार नाहीत," ती म्हणाली. "छान आहे बाळ, म्हणतील आणि जातील. आणि मग पुन्हा कुणाला फोटो काढू देणार नाहीत."

अण्णा पावणेअकराला आले. काळा कोट, धुतलेला, खांद्यावर अजून इस्त्रीची घडी. ते क्रमानं बघत आले. चौगुलेच्या शेतीच्या मासिकापुढं त्यांनी बराच वेळ घेतला, ठिबक सिंचनाविषयी त्याला दोन प्रश्न विचारले. चौगुलेनं ठिबकचं चित्र कुठल्याशा पुस्तकातून उचललेलं असल्यामुळे तो घामाघूम झाला. पाककृतींपुढं त्यांनी पुरणपोळीचं चित्र वाकून बघितलं. आम्ही दोघं आमच्या बोर्डाशी उभे होतो, लग्नात मुलीकडचे उभे असतात तसे.

मग ते समोर आले.

 एक पाऊल मागं गेले. पुन्हा पुढं आले. चष्मा काढला, कोटाला पुसला, घातला. मग त्यांनी दोन्ही हात वर उचलले, सतार धरल्यासारखे, बोर्डावरच्या माणसासारखे, आणि ते हात हवेत तसेच थोडा वेळ थांबले. हॉलमध्ये पंखा फिरत होता. त्याच्या वाऱ्यानं बोर्डांच्या कडेचे पातळ कागद एकाच वेळी वर उचलले जात होते आणि एकाच वेळी खाली बसत होते.

"अण्णा," वैजयंती म्हणाली, "चूक झाली. माझी चूक. मी नव्हते इथं."

"कुणी केलं हे?"

"मी," मी म्हणालो.

"किती वेळ लागला?"

मला वाटलं, ते कामाची चौकशी करतायत. "सहा सेकंद."

"सहा सेकंद," अण्णा म्हणाले. मग तिथल्या शिपायाकडं वळून म्हणाले, "एक खुर्ची देता काय?"

खुर्ची आली. ते बोर्डासमोर बसले. वैजयंती त्यांच्या पायाशी बसली, मी खांबाला टेकलो.

"या माणसाला मी ओळखतो," अण्णा म्हणाले. "लहानपणी आमच्या घरात होता."

वैजयंतीनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"सात वर्षांचा होतो. काकांची सतार भिंतीला असायची. दुपारी सगळी झोपली की काढायची आणि वाजवायची. अशी." त्यांनी डावा हात हलवला. "दोन महिने कुणाला पत्ता नाही. एक गत बसवली होती, कुणी न शिकवता. मग काकांनी बघितलं. मारलं बिरलं नाही त्यांनी, चांगला माणूस होता. म्हणाले, सतार उजवी असती. हे बोट असं दुमडून वर चिंधी बांधली. वर्षभर. जेवतानासुद्धा. मग उजवा हात शिकला. चांगला शिकला. त्याच्याबद्दल तक्रार नाही."

"तुम्ही कधी बोलला नाही अण्णा," वैजयंती म्हणाली.

"काय बोलायचं? मीच विसरलो होतो की. तो गेला कुठं, असं एखाद्या वेळी वाटायचं दुपारचं." त्यांनी बोर्डाकडं हनुवटी केली. "म्हातारा झालाय. पण वाजवतोय."

ते संध्याकाळी पाचपर्यंत त्या खुर्चीत बसले. लोक येत होते, जात होते. काही जणांनी बोर्डावरचा माणूस आणि खुर्चीतला माणूस एकच आहे हे ओळखलं आणि खुर्चीतल्याला नमस्कार केला. अण्णा बोर्डाकडं बोट दाखवायचे, म्हणजे नमस्कार तिकडं करा.

प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे रेडिओचे एक अधिकारी होते, करंबेळकर साहेब. ते हार गळ्यात तसाच ठेवून बोर्डांपुढून चालले होते. आमच्यापाशी ते थबकले.

"अहो तेरदाळ! तुम्ही डावखुरे?"

अण्णा उठून उभे राहिले. वैजयंतीनं तोंड उघडलं, पण अण्णांनी हातानंच तिला थांबवलं.

"चाळीस वर्षं आमच्याकडं वाजवताय आणि बोलला नाहीत," साहेब म्हणाले. "डावखुरा सतारिया! देशात दुसरा असेल का हो?" त्यांनी सरांना विचारलं. सरांनी नकारार्थी मान हलवली, जणू त्यांनी मोजणी केली होती. "आम्ही नेहमी म्हणतो, आपल्याच अंगणातलं आपल्याला दिसत नाही. स्वतंत्र अर्धा तास देऊ या. मेमध्ये. मी पत्र पाठवतो."

साहेब बालसंगोपनाच्या बोर्डाकडं सरकले. वैजयंतीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची मेंदी माझ्या हातावर उतरेल असं वाटलं. अण्णांना चाळीस वर्षांत न मिळालेला अर्धा तास मिळाला होता. तो एका निगेटिव्हच्या पालथ्या बाजूमुळं मिळाला होता, पण मिळाला होता. "आणि रेडिओवर हात दिसत नाही," ती माझ्या कानात म्हणाली. त्या एका वाक्यात तिनं मला माफ केलं.

तीन आठवडे गेले. एका दुपारी ती सायकलवरून माझ्या खोलीवर आली. "चल," म्हणाली. "अण्णा ऐकत नाहीत. तूच केलंस, तूच निस्तर."

दस्तगीर चाचांच्या दुकानात अण्णांची सतार उताणी पडली होती. तारा काढलेल्या, खुंट्या उपसलेल्या. दांडीवरची जुनी भोकं लाकडाच्या गुटक्यांनी बुजवली होती आणि दुसऱ्या बाजूला नवी पाडली होती. चाचा भिंतीला टेकून बिडी ओढत होते.

"मी नाही म्हटलं होतं," ते आम्हाला म्हणाले. "दहा वेळा म्हटलं. चाळीस वर्षांचा हात बसलाय हिच्यात. नवी घ्या म्हटलं, डावी करून देतो. तर म्हणतात, हीच. हिलाबी कळूदे."

"दुसरी सतार आहे अण्णांकडं?" मी वैजयंतीला विचारलं.

"ही एकच," ती म्हणाली. "मेच्या दहाला रेकॉर्डिंग आहे."

तीन दिवसांनी तारा चढल्या. आम्ही माडीवर गेलो तेव्हा अण्णा खिडकीशी बसले होते. नखी डाव्या बोटात. सतार दुसऱ्या अंगाला कललेली, आणि मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी क्षणभर त्यांच्यामागं 'जवारी' हे नाव शोधलं. ते सा-रे-ग-म वाजवत होते. म्हणजे वाजवायचा प्रयत्न करत होते. उजव्या हाताचं बोट तारेवर घसरत होतं, पडद्याच्या अलीकडं पडत होतं. तार कण्हायची. ते थांबायचे, बोटाकडं बघायचे, जसं लहान मुलाकडं बघतात, आणि पुन्हा सा.

"अण्णा," वैजयंती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चाचा चार दिवसांत परत पहिल्यासारखी करून देतात. मी विचारलंय. तुम्ही उजव्या हातानं वाजवा. रेडिओवर कुणाला दिसणार आहे?"

"कुणाला नाही."

"मग?"

"मला दिसंल की," अण्णा म्हणाले आणि पुन्हा सा लावला.

ती रडली. मी खिडकीकडं बघत राहिलो. भोपळे त्या वर्षीचे नवे होते, अजून हिरवट. रडून झाल्यावर वैजयंतीनं नाक पुसलं, पुढं सरकली आणि त्यांचं घसरणारं बोट धरून पडद्यावर नीट टेकवलं. "इथं," ती म्हणाली. अण्णांनी "होय होय" म्हणून मान डोलावली.

मेच्या पहिल्या आठवड्यात करंबेळकर साहेब स्वतः आले. दोन पत्रांना उत्तर आलं नव्हतं. जिना चढून त्यांना दम लागला होता. वैजयंतीनं पाणी दिलं. साहेब सतरंजीवर बसले, बॅगेतून करारपत्र काढलं, त्यावर पेन ठेवलं.

"तेरदाळ, अहो दहा तारीख आली. इथं सही करा. राग कुठला घेताय तेवढं सांगा, छापायला द्यायचंय."

अण्णांनी करारपत्र दोन्ही हातांनी घेतलं, डोक्याला लावलं आणि पूर्ण वाचलं. आपलं नाव जिथं होतं तिथं बोट ठेवून थोडा वेळ थांबले. नाव बरोबर होतं. मग त्यांनी ते घडी न पाडता परत साहेबांपुढं ठेवलं.

"साहेब, उपकार आहेत. पण आत्ताच नको."

"आत्ताच नको म्हणजे?"

"तयारी नाही झाली."

"चाळीस वर्षं वाजवताय तुम्ही!"

"ते वेगळं," अण्णा म्हणाले. ते अजिबात चेष्टा करत नव्हते. "याची आत्ता सुरुवात आहे."

साहेबांनी वैजयंतीकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती, पण आता ती रडत नव्हती. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी काही मदत करण्यासारखा माणूस नव्हतो.

"बरं, मग साधारण कधी?" साहेबांनी विचारलं.

अण्णांनी मनाशी हिशेब केला. डाव्या हाताची बोटं मोजली, मग खिडकीबाहेर बघितलं, मग पुन्हा मोजली.

"दहा-बारा वर्षं धरा," ते म्हणाले.

साहेब सरकारी माणूस होते. त्यांनी डायरी काढली आणि लिहून घेतलं.